गोताचें एकमत आणि एकट्याची दाद

आमच्या गांवपंचायती म्हणजे प्राचीन काळापासून चालत आलेलें लोकराज्यच होय, हें विधान व्याख्यानांतून व क्रमिक पुस्तकांतून इतक्या वेळां केलें जातें कीं, त्यास आधार काय, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. उलट पक्षीं, लोकसत्ता ही सर्वस्वीं इंग्रजांनीं आणलेली वस्तु, येथें पूर्वीं राजाज्ञेवांचून पानहि हालत नसे, असें मानणारेहि पुष्कळ आहेत. दोन्ही पक्षांनीं बहुधा कागद पाहिलेले नसतात. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या मुलखांत, म्हणजे जुन्या वाई, कऱ्हाड व मिरज या प्रांतांत, वतनदारांच्या घरांतून जे महजर व निवाडपत्रें आजवर बाहेर आलीं, तीं या वादांत साक्ष देण्यास समर्थ आहेत. मात्र त्यांस योग्य तो प्रश्न विचारला पाहिजे. गांव आपले तंटे आपण तोडीत होता काय, हा तो प्रश्न नव्हे. तोडीत होता, हें निर्विवाद आहे. प्रश्न असा कीं, सारा गांव एका बाजूस आणि एक मनुष्य दुसऱ्या बाजूस, असा प्रसंग आला म्हणजे त्या एकट्यास कोणता आसरा होता ? बहुतांची सत्ता आणि व्यक्तीचें स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा, हा जो प्रश्न आजच्या राज्यघटनांपुढें असतो, त्याचेंच हें आमच्याकडील जुनें रूप आहे.

महजराची रचना या पानांच्या वाचकांस परिचित आहे. आरंभीं शक, संवत्सर व तिथि, मग हाजिर मजालसीची यादी, मग वादी-प्रतिवादींच्या तक्रिरी व करीने, साक्षी, आणि शेवटीं निवाडा. यादींत देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन आणि त्यांच्या मागें बलुतेदार. ज्यास अक्षर येतें तो आपलें नांव घालतो. ज्यास येत नाहीं त्याच्या नांवाशीं त्याच्या धंद्याची निशाणी : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. कित्येक महजरांत महारांचींहि नांवें व निशाण्या आहेत. ज्यांचा स्पर्श चालत नसे त्यांचा शब्द शिवेच्या वादांत मात्र फार मोलाचा मानला जाई, ही आमच्या समाजरचनेंतील विसंगति या यादींत जशी उघडी पडते तशी दुसऱ्या कोठें पडत नसेल. स्त्रियांचीं नांवें मजालसींत जवळजवळ नसतातच. वादांतील पक्ष म्हणून त्या अधूनमधून दिसतात.

या सर्व तपशिलांत एक गोष्ट आढळत नाहीं. ती म्हणजे मतांची गणती. अमुक इतके अनुकूल, अमुक इतके प्रतिकूल, असा लेख महजरांत नसतो. जो निवाडा होतो तो समस्त गोताचा. एखाद्यानें मान हालविली नसेल, एखादा सभेंतून उठून गेला असेल. कागदावर त्याचा मागमूस राहत नाहीं.

गणतीची कल्पनाच आमच्याकडे नव्हती म्हणून असें झालें, असें कोणी म्हणेल तर तें टिकणारें नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत साक्षीदारांमध्यें दुमत झाल्यास बहुतांचें वचन घ्यावें, दोन्हीकडील संख्या सारखी असल्यास गुणवंतांचें, आणि गुणवंतांतहि तट पडल्यास त्यांतील अधिक गुणवंतांचें घ्यावें, असा क्रम स्वच्छ सांगितला आहे. या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळचा. त्या विक्रमादित्याची राणी कऱ्हाडच्या शिलाहारांची कन्या होती, हें बिल्हणाच्या काव्यावरून सर्वश्रुत आहे. तेव्हां हा ग्रंथ या प्रांतास परका होता, असें म्हणतां येत नाहीं. गणती ठाऊक होती, पण ती साक्षीपुरती. काय पाहिलें हें सांगणाऱ्यांची संख्या मोजावी, न्याय्य काय हें मात्र संख्येनें ठरवूं नये, असा हा भेद दिसतो. प्रस्तुत लेखकास तो भेद अजूनहि विचार करण्याजोगा वाटतो.

त्याच अध्यायांत समूहाच्या संकेतांविषयीं एक प्रकरण आहे. समूहाच्या हिताचें बोलणाऱ्यांचें वचन सर्वांनीं मानावें आणि जो विपरीत वागेल त्यास दंड करावा, असें तेथें म्हटलें आहे. येथवर वाचून थांबणारा मनुष्य म्हणेल, झालें, व्यक्तीस समूहाच्या पायांशीं बांधून टाकलें. परंतु स्मृतिकार तेथें थांबलेला नाहीं. समूहाचा संकेत पाळावयाचा तो स्वधर्माशीं विरोध नसेल तरच, ही एक मर्यादा. दुसरी याहून महत्त्वाची. कुल, श्रेणी, पूग आणि राजानें नेमलेले अधिकारी अशी न्यायस्थानांची चढती पायरी असून खालच्या स्थानीं हरलेल्यास वरच्या स्थानीं जातां येतें, असें विज्ञानेश्वर स्पष्ट करतो. आणि एखादा व्यवहार वाईट रीतीनें पाहिला गेला असें ठरलें, तर राजानें तो पुन्हा पाहावा व जिंकलेल्या पक्षासह सभासदांसहि विवादाच्या दुप्पट दंड करावा, असें मूळ वचन आहे. न्याय चुकविणाऱ्या पंचांस दंड ! हें वचन आमच्याकडील किती राजांनीं अंमलांत आणलें, हा वेगळा विषय.

आतां कागदांकडे वळूं. वाद सुरू होण्यापूर्वीं दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत व जामीन घेत. या स्थळीं जो निवाडा होईल त्यास आम्ही राजी आहों, असा त्याचा आशय. वाद संपल्यावर हरलेल्याकडून यजितखत लिहून घेत. आपण खोटे झालों, पुन्हा हा कजिया करणार नाहीं, असें त्यानें स्वतः मान्य करावयाचें. जिंकलेला सरकारांत हरकी भरी, हरलेला गुन्हेगारी भरी. म्हणजे तंट्याच्या दोन्ही टोकांस संमति. आजच्या निवडणुकींत किंवा विधिमंडळांत जो पक्ष हरतो तो संख्येनें हरतो. आपण चुकलों, असें त्यास लिहून द्यावें लागत नाहीं. गोताच्या सभेंत हरलेल्यास तें लिहून द्यावें लागे. एकमत पुरें होण्यासाठीं विरोधी मनुष्याचा शब्दहि त्या एकमतांत ओढून घेतला जाई. यांत शांतता आहे, तंटा मुळापासून मिटण्याची सोय आहे. पण स्वातंत्र्य किती आहे, हें ज्याच्या हातून तें खत लिहविलें त्यासच विचारावें लागेल.

कारण, लिहून न देण्याची किंमत काय होती तें विसरतां कामा नये. गोताबाहेर पडलेल्याचें बलुतें बंद होई. न्हावी दाढी करीना, परीट कपडे घेईना, पाणवठ्यावर अडथळा, मुलीस स्थळ मिळेना, मेलेल्यास खांदा मिळेना. पुन्हा गोतांत यावयाचें तर गोतपत. सरकारी शिक्षेस मुदत असते. वाळीत टाकण्यास मुदत नसे. अशा धाकाखालीं दिलेली संमति ही संमति मानावी कीं नाहीं, या प्रश्नाला महजराच्या मजकुरांत उत्तर नाहीं.

मग एकट्यास आसरा कशाचा ? मसूरचें प्रकरण येथें पाहण्यासारखें आहे. मसूर हें आजच्या कऱ्हाड तालुक्यांतील गांव. सतराव्या शतकाच्या आरंभीं तेथील वतनाबद्दल नरसोजी जगदाळे व बापाजी मुसलमान यांच्यांत तंटा लागला. पंचायतीचा निवाडा जगदाळ्यांच्या बाजूनें झाला. बापाजीनें तो मानला नाहीं. आपण परधर्मीय म्हणून पंचांनीं पक्षपात केला, अशी त्याची तक्रार होती. ती त्यानें विजापुरास दुसऱ्या इब्राहीम आदिलशहापर्यंत नेली आणि पैठण हें स्थळ मागून घेतलें. पातशहानें स्वधर्मीयाच्या तोंडाकडे पाहून निवाडा फिरविला नाहीं. त्याचप्रमाणें, पंचायतीचा निवाडा झाला आहे, आतां तक्रार कसली, असेंहि म्हटलें नाहीं. वाद पैठणास गेला. तेथेंहि जगदाळेच खरे ठरले व पातशहानें तो निवाडा कायम केला.

या प्रकरणाचा दाखला बहुधा आदिलशहाच्या निःपक्षपातीपणासाठीं दिला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें त्याचें मोल निराळें आहे. बापाजी दोनदां हरला. तो खरा होता असें समजण्यास आज कांहीं आधार नाहीं. तथापि, माझे शेजारीच माझे न्यायाधीश असले तर मला न्याय मिळणार नाहीं, ही एका मनुष्याची शंका ऐकून घेण्याजोगी मानली गेली, आणि ज्यांचा मसूरच्या वतनाशीं, जगदाळ्यांशीं वा बापाजीशीं कांहीं संबंध नाहीं अशा परक्यांपुढें त्यास जातां आलें. मुसलमान मनुष्यानें पैठणच्या ब्राह्मणांचें स्थळ आपण होऊन मागावें, यावरून त्यास स्वधर्मीय न्यायाधीश नको होते, दूरचे हवे होते, हें उघड होतें. एकट्याचें रक्षण झालें तें गोताच्या एकमतानें नव्हे, बहुमतानेंहि नव्हे; तें दुसऱ्या स्थळानें झालें.

मात्र हें दुसरें स्थळ सर्वांस सारखें खुलें होतें, असा समज करून घेऊं नये. मसुराहून नीरा, भीमा ओलांडून गोदाकांठीं जावयाचें, साक्षीदारांस सोबत न्यावयाचें, महिनोन्महिने खर्च सोसावयाचा, हें वतनावर दावा सांगणाऱ्याचें काम. ज्याचें सारें उत्पन्न खळ्यावरचें बलुतें, त्या सुतारानें वा चांभारानें पैठण कसें गांठावें ? त्याच्यापुढें दिव्याचा मार्ग राही. उकळत्या तेलांतून धातूचा रवा काढून दाखविणारा मनुष्य साऱ्या गांवाच्या साक्षीस एकटा खोटें पाडूं शकत असे. न्यायाची रीति म्हणून तिचें समर्थन कोणी करणार नाहीं. पण बहुतांविरुद्ध एकट्यास दाद मागतां यावी, ही निकड त्या काळासहि जाणवत होती, इतकें त्यावरून सिद्ध होतें.

येथें संग्राहकांसाठीं थोडें विषयांतर करतों. महजर जिंकलेल्याच्या घरीं राहतो. तो त्याच्या वतनाचा पुरावा. पिढ्यान्पिढ्या रुमालांत बांधून, देवघराशेजारच्या फडताळांत तो जपला जातो. हरलेल्यास आपल्या पराभवाचा कागद जपण्याचें कारण नसतें. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे, साताऱ्याचे पारसनीस, आणि गांवोगांव पायपीट करणारे राजवाडे यांनीं जें जमविलें तें अपार आहे. परंतु ज्या घरांतून तें जमलें तीं घरें बहुतेक वतनें टिकवून धरलेल्यांचीं होतीं. म्हणजे आमच्या जुन्या पंचायतींचें जें चित्र आम्हांपुढें आहे तें जिंकलेल्यांच्या दप्तरांतून उतरलेलें आहे. त्यांत एकमत दिसतें याचें आश्चर्य काय ? सुटा राजीनामा, अर्धें फाटलें यजितखत, निवाड्यावर नाराज होऊन हुजुरास केलेला अर्ज, असा कागद हातीं आला तर देणगीचा किंवा वतनाचा नाहीं म्हणून तो गौण समजूं नये. दप्तराच्या यादींत त्याची नोंद स्वतंत्र करावी आणि तो कोणाच्या घरीं मिळाला तें अवश्य लिहावें.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचायतीचे गुण व दोष दोन्ही नोंदले आणि ती शक्य तों चालू ठेवण्याचा प्रयत्न केला. पुढें १८२७ चे कायदे आले, १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें, आणि न्यायाचें काम कचेऱ्यांकडे गेलें. वरच्या कोर्टांत जाण्याचा हक्क कायद्यानें मिळाला. खर्चाची अडचण मात्र नव्या रूपानें कायम राहिली. गोताकडे राहिली ती जात, पाणवठा आणि सोयरीक. जेथें कायदा पोंचत नव्हता तेथें त्याचें एकमत पूर्वींइतकेंच कडक होतें.

याचें उदाहरण पुन्हा मसूरचेंच आहे. १९०१ सालीं साताऱ्यास राहणारीं कांहीं मुलें वडिलांकडे जाण्यासाठीं मसूरच्या रेल्वे स्टेशनावर उतरलीं. त्यांत एक दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर होता; आदल्या वर्षींच, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं, त्याचें नांव साताऱ्याच्या सरकारी शाळेंत घातलें होतें. मुलें महारांचीं हें कळतांच स्टेशनमास्तर मागें सरला. दुप्पट भाडें देऊं केलें तरी एकहि गाडीवान त्यांस गाडींत घेईना. अखेर मुलांनीं गाडी स्वतः हांकावी आणि गाडीवानानें बाजूनें चालावें, या अटीवर एकजण तयार झाला. हा प्रसंग डॉ. आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेवला आहे. तेथें कोणी सभा भरविली नव्हती, कोणी मत मोजलें नव्हतें, कोणी निवाडा दिला नव्हता. पैसे आहेत, गाड्या आहेत, गुन्हा कांहीं नाहीं, आणि तरी सर्वांचें एकमत आहे. बापाजीस पैठण होतें. या मुलांनीं मसूरच्या स्टेशनावर उभें राहून कोणतें स्थळ मागावयाचें होतें ?

गणतीची लोकसत्ता या भागांत खेड्यापर्यंत पोंचविण्याचा पहिला मोठा प्रयोग औंधास झाला. औंध संस्थान बहात्तर गांवांचें, तेंहि विखुरलेलें. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे, तर आटपाडी सांगली जिल्ह्यांत. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि, ज्यांचें वस्तुसंग्रहालय वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल, यांनीं नोव्हेंबर १९३८ मध्यें प्रजेस पूर्ण स्वराज्य देण्याचें जाहीर केलें. युवराज आप्पासाहेब व मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर यांनीं गांधीजींचा सल्ला घेऊन घटना सिद्ध केली व २१ जानेवारी १९३९ रोजीं ती अंमलांत आली. गांवानें पांच पंच निवडावे, पंचायतींवर तालुक्याची सभा, तिच्यावर संस्थानचें विधिमंडळ, अशी ती रचना. गांवचे तंटे गांवींच मिटविण्याचें कामहि पंचायतीकडे होतें. पंच वंशपरंपरेनें न येतां निवडून यावे, हा जुन्या गोतसभेपासूनचा मोठा फरक. अधिकार आपखुशीनें सोडणारा राजा हें तर त्या काळीं नवलच होतें. तरीहि एक शंका राहते. कारभार करणारे व न्याय करणारे पंच एकच, आणि ते गांवाच्या मतांवर उभे. तेव्हां ज्यानें त्यांच्या विरुद्ध मत दिलें त्याचा तंटा त्यांच्यापुढें आला तर? संस्थान १९४८ सालीं विलीन झालें आणि या शंकेचें उत्तर अनुभवानें मिळण्यास पुरेसा काळ त्या घटनेस लाभला नाहीं. १९४३ ते १९४६ या काळांत याच मुलखांत चाललेल्या प्रतिसरकारच्या न्यायदानाचा विचार येथें करीत नाहीं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

औंध विलीन झालें त्याच वर्षीं, ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं, घटना समितींत मसुदा मांडतांना डॉ. आंबेडकरांनीं खेड्यांच्या प्राचीन लोकराज्यांची स्तुति करणाऱ्यांस कडक उत्तर दिलें. खेडें म्हणजे संकुचित वृत्तीचें व अज्ञानाचें घर, असें सांगून, मसुद्यानें खेड्यास सोडून व्यक्तीस घटक मानलें याचा आपणांस आनंद वाटतो, असें ते म्हणाले. सभेंत पुष्कळांस हें रुचलें नाहीं. त्याच महिन्याच्या २२ तारखेस गांवपंचायती स्थापण्याविषयींचें कलम स्वीकारलें गेलें. तेंच आजचें चाळिसावें कलम. मसूरच्या स्टेशनाची आठवण ज्यास असेल त्यास त्यांचा कडवटपणा अकारण वाटणार नाहीं. पण महजर पाहिलेल्यास त्यांचें म्हणणें थोडें अपुरेंहि वाटेल. कारण गोतसभेच्या व्यवस्थेंत दुसऱ्या स्थळाची जी सोय होती, तिचेंच विस्तारलेलें रूप त्यांनीं घटनेंत घातलें. मूलभूत हक्कांस बाध आणणारा कायदा, मग तो कितीहि बहुमतानें झालेला असो, तेराव्या कलमानें रद्द ठरतो. आणि बत्तिसाव्या कलमानें कोणाहि एकट्यास थेट सर्वोच्च न्यायालयांत जातां येतें. या बत्तिसाव्या कलमास त्यांनीं घटनेचें हृदय व आत्मा म्हटलें आहे. पैठणचा खर्च ज्यास झेपत नव्हता त्याचाहि विचार त्यांत होता, निदान कागदावर.

वाळीत टाकण्याचा प्रश्न त्यानेंहि लगेच सुटला नाहीं. मुंबई सरकारनें १९४९ सालीं जातिबहिष्कार बंद करणारा कायदा केला. बोहरा जमातीच्या धर्मगुरूंनीं त्यास आव्हान दिलें व १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला; कारण आपल्या धर्माचा कारभार आपण पाहण्याचा हक्क घटनेनें धर्मपंथांसहि दिला आहे. येथें समूहाचें स्वातंत्र्य आणि व्यक्तीचें स्वातंत्र्य समोरासमोर उभीं राहिलीं आणि समूह जिंकला. निकाल चार विरुद्ध एक असा झाला. तो एक म्हणजे सरन्यायाधीश सिन्हा. बहिष्कृताचें नागरिक म्हणून जगणें अशक्य होतें, या अर्थाचें त्यांचें भिन्न मत निकालाच्या बरोबरीनें छापलेलें आहे. गोताच्या महजरांत असें मत लिहून ठेवण्यास जागा नव्हती. १९६२ च्या त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२३ सालीं हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोंपविण्यांत आला. दरम्यान महाराष्ट्र विधिमंडळानें सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचें संरक्षण करणारा २०१६ चा अधिनियम केला व तो २०१७ मध्यें अंमलांत आला.

या अधिनियमामुळें जातपंचायतींचीं दंडाचीं व बहिष्काराचीं टिपणें आतां कोणी आपण होऊन दाखवील असें नाहीं. विसाव्या शतकांतील अशा वह्या, वहीखात्यांच्या व लग्नयाद्यांच्या गठ्ठ्यांत मिसळून, रद्दीच्या भावानें जात असतात. कोणास किती दंड, कशासाठीं, आणि त्यानें तो भरला कीं नाहीं, याच्या नोंदी त्यांत असतात. जुन्या महजरांत जो मनुष्य दिसत नाहीं तो तेथें निदान एका ओळींत सांपडण्याचा संभव आहे. म्हणून मोडी नाहीं, बाळबोध आहे, इतक्याच कारणानें संग्राहकांनीं त्या वह्या टाकून देऊं नयेत, आणि ज्यांचीं नांवें त्यांत आहेत त्यांचे वंशज हयात असतील तेथें तीं नांवें झांकूनच मजकूर प्रसिद्ध करावा.